चंदनाच्या वेण्या

"चंदना, आटप की गं," मी रिक्षातूनच हाक मारली आणि तिसऱ्यांदा हॉर्न दाबला.

आतून आजीचा आवाज आला, "आली, आली. एकच वेणी राहिलीय."

"सात वाजून वीस झाले, आजी. ती एक आम्ही शाळेत घालतो."

मागे कोंबून बसलेली आठ पोरं खिदळली. चंदनाचा धाकटा भाऊ सुकुमार दप्तर पाठीवर घेऊन केव्हाचा पायरीवर बसला होता. बालवाडीतलं पोर, पण तयार व्हायला त्याला कुणी लागायचं नाही. घोडं पेंड खायचं ते बहिणीपाशी. मगदुमांचं दार अर्धं उघडं असायचं आणि माझ्या सीटवरून आतलं थोडं दिसायचं: एका बाजूनं दिसणारी चंदना, कमरेपर्यंत सोडलेले तिचे काळेभोर केस आणि मागून येणारे दोन बांगड्या घातलेले हात. बाकीची आई भिंतीआड. ते हात दोन-चार पेड घालायचे आणि मांडीवर पडायचे. तसेच पडून राहायचे. मग कधीतरी पुन्हा उठायचे.

मला वाटायचं, मायलेकींच्या गप्पा रंगल्यात. इथं माझा जीव घड्याळात आणि तिथं गप्पा.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची सांगलीतली गोष्ट. मी शाळेची पोरं नेणारा रिक्षावाला होतो. नाव बापू कुंभार, पण पोरांचा बापूमामा. गावात रिक्षावाले ढिगानं होते. शाळेची पोरं मात्र लोक कुणाच्याही हाती देत नसत. पोर रडलं तर गप्प करणं, डबा विसरला तर परत फिरणं, कुणाला गोवराचे फोड दिसले तर आईच्या आधी ओळखणं, हे सगळं मामाकडं. त्या मानाचा मला गर्व होता. दुसरा गर्व वेळेचा. साडेसातला प्रार्थनेची घंटा झाली की शिपाई फाटक लावायचा. उशिरा आलेली पोरं प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर उभी राहायची आणि त्यांच्या डायरीत लाल शेरा पडायचा. तीन शेरे झाले की आईबापाला बोलावणं. बारा वर्षांत माझ्या रिक्षातल्या पोराला शेरा मिळाला नव्हता. त्या जूनपासून मिळायला लागला, आणि एकाला नव्हे, दहाच्या दहा पोरांना.

चंदनाची आई त्रिशलाताई आजारी होती. हृदयाची झडप निकामी झालेली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन झेपेल असं दिसत नाही, औषधावर जितकं निघेल तितकं काढायचं. स्वयंपाक बंद, पाणी भरणं बंद, केर काढणं बंद. सासू गुडघे धरून घर ओढत होती. नवरा बाहुबली मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर मुकादम. गाड्या पहाटे लागायच्या, म्हणून तो सहाला बाहेर पडायचा. शाळा तीन किलोमीटर लांब. त्या घरात पोरांना शाळेत पोचवील असं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी त्रिशलाताई दारापर्यंत आली होती. चौकट धरून म्हणाली, "दादा, पोरांची शाळा तेवढी बुडू देऊ नका. माझ्यापायी घरात बसायला नकोत."

"मामा कशाला म्हणतात मग?" मी म्हणालो होतो.

जुलै लागेपर्यंत दोन लाल शेरे झाले. शहांची सून, जिची दोन पोरं माझ्याकडं होती, तिनं एका सकाळी मला फाटकाशी थांबवलं.

"बापूमामा, आमच्या पोरांनी काय पाप केलंय? त्या एका मुलीच्या नट्टापट्ट्यापायी सगळ्यांनी रस्त्यावर उभं राहायचं?"

"आई आजारी आहे तिची."

"मग आजारी माणसानं पडून राहावं. सोमवारपासून एक तर ती दोघं तरी जातील, नाही तर आमची दोघं. आणि आमच्याबरोबर आमच्या बोळातली तिघंपण."

बाई फटकळ होती, पण चुकीचं काय बोलली, हे मला त्या दिवशी सापडलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. एवढ्या आजारपणात लांब केसांच्या वेण्या हव्यात कशाला? शाळेचा नियम होता, केस लांब असतील तर दोन घट्ट वेण्या वर दुमडून काळ्या रिबिनीत बांधायच्या. नाही तर बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. केस बारीक असतील तर मात्र नुसता पट्टा लावला की झालं. मगदुमांच्या पोरांना सोडलं तर ती घरी बसणार. नाही सोडलं तर माझी निम्मी रिक्षा रिकामी. शनिवारी दुपारी मी यार्डात गेलो. बाहुबली पोत्यांच्या थप्पीला टेकून भाकरी खात होता. अंगभर पिवळा झालेला.

"केस कापून टाकू पोरीचे," मी म्हणालो. "पाच मिनिटांत पोरगी तयार. ताईंना पण आराम."

तो भाकरीचा तुकडा हातात धरून बघत राहिला. "तिला विचारायला पायजे."

"विचारून बघा."

"ती न्हाई म्हणंल." थोडं थांबून तो म्हणाला, "डॉक्टरांनी तिला हात वर करायची पण बंदी केलीय. म्या चारदा सांगितलं, आईला घालू दे वेण्या. ऐकतच न्हाई. आईशी सुद्धा भांडली त्यावरनं."

"मग विचारताय कशाला? झाल्यावर काय म्हणणार हाय?"

हे वाक्य माझं होतं. बाहुबलीचं नव्हे. त्यानं नंतर कित्येकदा स्वतःला बोल लावला, पण ते वाक्य माझ्या तोंडून गेलं हे मला पक्कं ठाऊक आहे.

तो मान हलवत हसला. "तुम्हीच न्या मग. जावळाला तर मामाचीच मांडी लागती. माझ्या हातनं व्हायचं न्हाई ते."

शहांच्या सुनेकडून एक दिवस मागून घेतला. सोमवारी बाराला शाळा सुटल्यावर बाकीच्या पोरांना घरोघर सोडलं आणि चंदना-सुकुमारला घेऊन मी रिक्षा स्टॉपजवळच्या यशवंताच्या सलूनमध्ये शिरलो. यशवंत माझा दोस्त. त्यानं खुर्चीच्या हातांवर फळी टाकली, चंदनाला तिच्यावर बसवलं आणि रिबिनी सोडल्या. वेण्या उलगडल्यावर केस फळीच्या खाली लोंबायला लागले. सात वर्षांच्या पोरीचे एवढे केस मी तरी पाहिले नव्हते.

यशवंत कात्री हातात घेऊन थांबला. "बापू, आईला विचारलंस काय हिच्या?"

"बापाला विचारलंय."

"मी आईचं विचारतोय."

"तुझं काम तू कर की लेका. मामा हाय मी तिचा."

चंदना आरशातून माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. जरा वेळानं तिनं विचारलं, "मामा, मग उद्या सकाळी आईपाशी बसायचं नाही का?"

"नाही. थेट रिक्षात."

"मग मी पुढं बसू? तुमच्याशेजारी?"

"बस," मी म्हणालो. पुढची जागा म्हणजे पोरांच्या लेखी दिल्लीचं तख्त. ती खूश झाली. यशवंतानं कानाच्या पाळीपाशी कात्री लावली आणि दहा मिनिटांत काम संपलं. सुकुमार खाली पडलेले केस बोटाला गुंडाळून खेळत होता. मी त्याला ते टाकायला लावले, हात झाडायला लावले, आणि आम्ही निघालो. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनातल्या मनात म्हणत मी रिक्षा हाणत होतो.

त्रिशलाताई दारालगतच्या खाटेवर पडली होती. पोरगी आत गेली तशी ती हातावर भार देऊन उठून बसली. मी चौकटीत उभा होतो. तिनं चंदनाकडं बघितलं. फार वेळ बघितलं. आजी चुलीपाशी उभी होती.

"छान दिसतंय," त्रिशलाताई शेवटी म्हणाली. "इकडं ये."

चंदना जवळ गेली. आईनं तिच्या मानेवरून हात फिरवला, खालून वर, केस संपत होते तिथपर्यंत. "मान उघडी पडली गं. गार वारं लागंल."

"बापूमामा मला पुढं बसवणारेत," चंदना म्हणाली.

"होय काय?"

"आता तुम्ही निवांत झोपा, ताई," मी म्हणालो. "उद्यापासून हॉर्नचा तरास नाही तुम्हाला."

तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. रागावली असती तर मला काहीतरी कळलं असतं. ती रागावली नाही. मी आजीनं दिलेलं पाणी प्यालो आणि शीळ घालत घरी गेलो. जेवताना बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तिनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि म्हणाली, "पुरुषांनी असल्या भानगडीत पडू नये." मी तिला वेड्यात काढलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजायला दहा कमी असताना दोन्ही पोरं पायरीवर उभी होती. चंदना उडी मारून पुढं येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, आईनं विचारलंय, कापलेले केस कुठायत?"

"केस? अगं, ते केरात गेले असतील. त्याची काय भाजी करायचीय आईला?"

पोरं हसली. चंदनाही हसली. दुपारी तिनं घरी जाऊन हे आईला जसंच्या तसं सांगितलं असणार, भाजीसकट. पोरं तशीच सांगतात.

त्यानंतर महिनाभर आम्ही साडेसातच्या आत फाटकात. एकही लाल शेरा नाही. शहांच्या सुनेनं नागपंचमीला माझ्या घरी पुरणाची दिंडं पाठवली. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, "मामा, त्या मगदूमच्या मुलीचं तुम्ही चांगलं केलंत हो." त्याच महिन्यात शाळेत फोटोवाला आला. दुसरीच्या फोटोत चंदना पहिल्या रांगेत, कपाळावर पट्टा, कानापाशी केस, एक पुढचा दात पडलेला.

मगदुमांच्या दारातून आता आतलं काही दिसायचं नाही. म्हणजे दार उघडंच असायचं, पण तिथं कुणी बसलेलं नसायचं. आजी पोरांना पायरीवर सोडून आत जायची. मला वाटायचं, ताई झोपली असेल, बरं झालं.

श्रावण संपता संपता एका संध्याकाळी बाहुबली स्टॉपवर आला. आम्ही चहा घेतला. त्यानं अर्धा कप पिऊन ठेवून दिला.

"कशा हैत ताई?" मी विचारलं.

"उठत न्हाई आता ती."

"औषध बदललं काय?"

"औषध तेच हाय." तो रस्त्याकडं बघत बोलत होता. "बापू, ती साडेचारला उठायची. आधी मला वाटायचं झोप लागत न्हाई म्हणून. अंधारात उठून बसायची, भिंतीला टेकून. तास-दीड तास नुसता दम जमवत बसायची. गोळी पण रात्रीची मागं ठेवून पहाटेला घ्यायची. का, तर वेण्या घालायच्या टायमाला हात उचलले पायजेत. चार पेड घातले की हात खाली. पुन्हा दम घ्यायचा. तेवढ्यात पोरीला विचारायची, काल शाळेत काय झालं, कोण काय म्हणालं. दिवसभरात पोरीशी बोलायची ती तेवढीच. नंतर बोलायला जीवच राहायचा न्हाई तिच्यात."

मी माझा कप खाली ठेवला.

"घरातलं सगळं काढून घेतलं होतं आम्ही तिचं," तो म्हणाला. "हे एक राहिलं होतं. मला वाटलं आराम पडंल तिला. आता आरामच हाय. सकाळी उठायचं कशाला म्हणती."

ते मांडीवर पडलेले हात मी रोज बघितले होते. सगळ्यांत जवळून मीच बघितले होते, बाहुबली तर तेव्हा यार्डात असायचा. आणि बघून मी हॉर्न दाबला होता. चहाचे पैसे कुणी दिले ते मला आठवत नाही. उठून मी यशवंताकडं गेलो आणि वेड्यासारखं विचारलं, महिन्यापूर्वीचे केस कुठं टाकतोस. तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांना सोडताना मी चपला काढून आत गेलो. ती खाटेवर उशा रचून अर्धवट बसली होती. पाय सुजलेले, ओठ काळपट. मी खाली फरशीवर बसलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

"ताई, माझं चुकलं," एवढंच म्हणालो.

"पोरं वेळेत जातात न्हवं?" तिनं विचारलं. एकेक शब्द सुटा करून.

"जातात."

"मग झालं तर. मीच म्हणाले होते, शाळा बुडू देऊ नका." ती थांबली. दम घेतला. मग जरा पुढं वाकून, आजीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "दादा, केस किती दिवसांत वाढत्यात हो? वेणीत येण्याएवढे?"

मी तीन बहिणींचा भाऊ. केस किती सावकाश वाढतात हे मला चांगलं माहीत होतं. कानापाशी कापलेले केस वेणीत यायला वर्ष तरी जातं.

"दिवाळीपर्यंत येतील की," मी म्हणालो.

तिनं बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मोजलं. भाद्रपद, आश्विन. "म्हणजे दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने काय, बघता बघता जातील." आणि तिनं चंदनाला हाक मारून जवळ बसवलं, तिच्या केसांची टोकं बोटात धरून जरा ओढून बघितली.

त्यानंतर आजी सांगायची, सूनबाई पुन्हा सकाळी उठून बसायला लागली म्हणून. रोज पोरीचे केस वीतभर दोरीनं मापायची. केस दर वेळी दोरीवर तेवढेच भरायचे. दसऱ्याच्या आधी पाच दिवस, सकाळी साडेसहाच्या सुमाराला, मी पोरं घ्यायला निघायच्या बेतात असताना बाहुबलीचा माणूस निरोप घेऊन आला. त्या दिवशी मी मगदुमांची सोडून बाकीची आठ पोरं शाळेत पोचवली, वेळेत, आणि मग मातीला गेलो.

पोरांची शाळा बुडाली नाही. दहाव्या दिवशी मी त्यांना पुन्हा घेऊन गेलो आणि दहावीपर्यंत नेत राहिलो. आता सुकुमार बंगळुरात असतो, चंदना पुण्यात. मला पंचाहत्तरावं लागलंय, रिक्षा विकून दहा वर्षं झाली. दर दिवाळीला चंदना सांगलीला येते आणि फराळाचा डबा घेऊन माझ्याकडं येते. गेल्या दिवाळीत तिची सहा वर्षांची लेक बरोबर होती. पोरीचे केस कानापाशी कापलेले.

"मुद्दाम कापलेत, मामा," चंदना म्हणाली. "मला सकाळी आठला निघायचं असतं. वेण्या घालायला वेळ कुणाला आहे? आणि लहानपणी माझेही असेच होते ना, बारीक. तो शाळेतला फोटो आहे बघा बाबांकडं, दात पडलेला. आईनं पहिल्यापासून बारीकच ठेवले होते बहुतेक. आजारी होती, तिला कुठं जमणार होतं."

माझ्या हातात चकली होती. ती मी ताटलीत ठेवली.

"लांब होते तुझे केस," मी म्हणालो. "कमरेपर्यंत."

"माझे?" ती हसायला लागली. "मला तर काहीच आठवत नाही. आजी घालायची का वेण्या?"

"तुझी आई घालायची. रोज."

ती हसायची थांबली. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, डोळे बारीक करून, जणू आत कुठंतरी शोधते आहे. मी वाट बघितली. आठवावं, असं मला फार वाटत होतं. निदान पाठीला लागणारा एखादा हात, एखादी बांगडी. पण तिनं मान हलवली.

"नाही आठवत," ती म्हणाली. "फक्त तुमच्याशेजारी पुढं बसायचे ते आठवतं. मग कापले कुणी?"

"मी," मी म्हणालो.

तिला वाटलं, मामा नेहमीसारखी थट्टा करतोय. तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि लेकीला म्हणाली, "बघ गं, हे आजोबा कसे खोटं बोलतात ते." लेक हसली, ती हसली, आणि मी सांगायला पुन्हा तोंड उघडलं नाही.